एका तारेवरचे अनेक स्वर

७ मार्च १८७६ रोजी अमेरिकेच्या पेटंट कचेरीने १७४४६५ क्रमांकाचे पेटंट मंजूर केले. आपण त्याला टेलिफोनचे पेटंट म्हणतो. गंमत अशी, की त्याच्या मथळ्यात टेलिफोन हा शब्दच नाही. मथळा आहे तारायंत्रातील सुधारणेचा. हे पेटंट ज्याच्या नावे निघाले त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलला चारच दिवसांपूर्वी एकोणतीस वर्षे पूर्ण झाली होती, आणि ज्या कामासाठी त्याने दुसऱ्यांचे पैसे घेतले होते ते काम बोलण्याचे नव्हतेच. एकाच तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश, एकमेकांत न मिसळता, कसे पाठवावेत हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. टेलिफोन हे त्या वाटेवर हाती लागलेले घबाड. मूळ प्रश्न बेलने बाजूला ठेवला. घराघरांत गेलेल्या साध्या टेलिफोनच्या तारेपुरते त्याचे उत्तर यायला मग सव्वाशे वर्षे लागली. स्वारगेटला आमच्या घरी ते २००६ च्या पावसाळ्यात आले, एका लाइनमनच्या खांद्यावरच्या पिशवीतून. तेव्हापासून बेलचे चरित्र वाचताना मी ते त्या पिशवीपासून मागे मागे वाचत गेलो.

बेलचा जन्म ३ मार्च १८४७ चा, स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातला. घराण्याचा धंदा उच्चारांचा. आजोबा शुद्ध बोलणे शिकवीत, वडीलही तेच करीत. वडिलांनी एक लिपी तयार केली होती. कोणताही आवाज काढताना जीभ, ओठ आणि घसा यांची जी ठेवण होते, तिचे चित्रच जणू त्या लिपीत उमटे. घरात असे आवाजाचे राज्य, आणि आईला मात्र जवळजवळ काहीच ऐकू येत नसे. इतर लोक तिच्या कानाला लावलेल्या नळीत ओरडत. लहानगा अलेक तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खालच्या, घुमणाऱ्या आवाजात बोले आणि ते तिला कळे. चारचौघांच्या गप्पा चालल्या असताना तो तिच्या शेजारी बसून बोटांच्या लिपीने तिला त्या सांगत जाई. बोटांनी बोलणारा हा मुलगा पुढे काय म्हणणार होता ते आपण पाहणारच आहोत. पण त्याची सुरुवात इथे आहे, हे ध्यानात ठेवायला हवे.

माझ्या ध्यानात ते राहिले याला घरचे कारण आहे. माझी थोरली बहीण, आमची ताई, तीन वर्षांची असताना तापात बहिरी झाली. ती आयुष्यभर आमच्याबरोबरच राहिली. बहिऱ्या माणसाच्या शेजारी बसून चारचौघांतले बोलणे त्याला पोचवणे हे काय काम असते, हे आमच्या घरात कुणालाही सांगावे लागले नाही.

बेलच्या तारुण्यावर क्षयाची सावली पडली. धाकटा भाऊ १८६७ मध्ये गेला, थोरला १८७० मध्ये. उरलेला एकुलता मुलगा वाचावा म्हणून आईवडिलांनी त्याच वर्षी सगळे चंबूगबाळे आवरून कॅनडाची वाट धरली. ब्रँटफर्ड गावाजवळच्या मोकळ्या हवेत अलेकची प्रकृती सुधारली. १८७१ मध्ये तो बॉस्टनला गेला तो बहिऱ्या मुलांचा शिक्षक म्हणून, वडिलांची लिपी वापरून त्यांना बोलायला शिकवण्यासाठी. पुढे बॉस्टन विद्यापीठात तो उच्चारशास्त्राचा प्राध्यापक झाला. पण त्याला कुणी व्यवसाय विचारला तर तो अखेरपर्यंत बहिऱ्यांचा शिक्षक असाच सांगत असे.

दिवसा शिकवणे आणि रात्री तारा, असा त्याचा क्रम होता. तरुणपणी त्याने एक गोष्ट पाहिली होती. पियानोचे पेडल दाबून तारा मोकळ्या केल्या आणि त्यांच्याजवळ एखादा सूर लावला, तर त्या सुराची तार तेवढी झंकारते, बाकीच्या स्वस्थ राहतात. सतारीच्या तरफांचे वेड असणाऱ्या आपल्याकडच्या रसिकाला यात नवल वाटणार नाही. बेलला वाटले, तारेच्या एका टोकाला निरनिराळ्या सुरांच्या पोलादी पट्ट्या बसवल्या, पेटीत असतात तशा, आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्याच जोडीच्या पट्ट्या ठेवल्या, तर प्रत्येक पट्टी फक्त आपल्या जोडीदारणीला ओळखील. मग एकाच तारेवरून जितके सूर तितके संदेश जातील.

स्वारगेटच्या एसटी स्थानकावर उभे राहिले म्हणजे ही कल्पना चटकन कळते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, भोर अशी नावे एकाच गलक्यात कानांवर आदळत असतात. भोरला जाणारा माणूस त्या साऱ्या आवाजात निवांत पेपर वाचत बसलेला असतो. भोर हा शब्द आला की तेवढ्याने तो उठतो. हवा एकच, तीतून जाणाऱ्या हाका अनेक, आणि प्रत्येक कान आपल्या हाकेला बांधलेला. बेलला नेमके हेच तारेवर हवे होते.

त्या काळी तारखात्याचा धंदा अमेरिकेत वेस्टर्न युनियन या एका बलाढ्य कंपनीच्या मुठीत होता. नवीन तारा ओढायच्या म्हणजे खर्च अफाट. तेव्हा आहे त्याच तारेवरून जास्त संदेश पाठवणारा माणूस रातोरात श्रीमंत होणार हे उघड होते. बेलमागे दोन माणसे पैसे घेऊन उभी राहिली. एक टॉमस सँडर्स, ज्याच्या बहिऱ्या मुलाला बेल शिकवीत होता. दुसरा गार्डिनर हबर्ड हा वकील, ज्याची मुलगी मेबल ही बेलची विद्यार्थिनी होती. पाच वर्षांची असताना लाल ज्वराने तिचे कान गेले होते. हबर्डला रस होता तो अनेक सुरांच्या तारायंत्रात. माणसाचा आवाज तारेतून नेण्याचा बेलचा छंद त्याला वेळेचा अपव्यय वाटे, आणि तसे तो स्पष्ट बजावीतही असे.

२ जून १८७५ रोजी बॉस्टनच्या एका माळ्यावर बेल आणि त्याचा मदतनीस टॉमस वॉटसन दोन खोल्यांत बसून पट्ट्या जुळवीत होते. वॉटसनकडची एक पट्टी अडकली. त्याने ती बोटाने छेडली, तर पलीकडच्या खोलीत बेलच्या कानाशी धरलेल्या पट्टीतून त्या छेडण्याचा सगळा पोत ऐकू आला. ठोक्याला ठोका नव्हे, तर आवाजाचा चढउतार. एक पट्टी जर सगळा आवाज नेऊ शकते, तर अनेक पट्ट्या हव्यात कशाला? त्या क्षणी अनेक सुरांचे तारायंत्र मागे पडले आणि बोलणारी तार पुढे आली. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी बेलचा अर्ज पेटंट कचेरीत दाखल झाला. त्याच दिवशी एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचीही तशाच यंत्राबद्दलची सूचना तिथे पोचली, आणि त्यावरून उठलेला धुरळा अजून पुरता खाली बसलेला नाही. १० मार्चला शेजारच्या खोलीतल्या वॉटसनला बेलने यंत्रातून हाक मारली आणि वॉटसन धावत आला. जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ब्राझीलच्या बादशहाने ते यंत्र कानाला लावले आणि बेलचे नाव जगभर झाले. १८८२ च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरूही झाली होती.

जुलै १८७७ मध्ये बेल टेलिफोन कंपनी स्थापन झाली आणि त्यानंतर दोनच दिवसांनी, ११ जुलैला, बेल आणि मेबल यांचे लग्न झाले. लग्नाची भेट म्हणून बेलने कंपनीतले आपले दहा शेअर सोडून बाकी सारे बायकोच्या नावे केले. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला अशा सहीचे मोल वेगळे सांगायला नको. कंपनीमागे शेकडो खटले लागले. १८८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अगदी थोड्या मताधिक्याने बेलचा हक्क मान्य केला. बेलने साक्षी दिल्या, पण धंद्यात मन घातले नाही. स्वतःच्या अभ्यासिकेत तर त्याने टेलिफोन ठेवलाच नाही. आणि ज्या दोन स्त्रियांच्या सहवासात त्याचे आयुष्य घडले, त्या आईला आणि पत्नीला, त्या यंत्रातून एक अक्षरही ऐकू येणार नव्हते.

१८८० आणि १८८१ ही त्याच्या आयुष्यातली दोन वर्षे मला टेलिफोनइतकीच महत्त्वाची वाटतात. १८८० मध्ये फ्रान्सने त्याला व्होल्टा पारितोषिक दिले. त्या पन्नास हजार फ्रँकांतून त्याने वॉशिंग्टनला प्रयोगशाळा काढली आणि चार्ल्स टेंटर या सहकाऱ्याबरोबर प्रकाशाच्या झोतावरून आवाज पाठवून दाखवला. एका शाळेच्या गच्चीवरून निघालेले बोलणे २१३ मीटरवरच्या प्रयोगशाळेत, मध्ये तार नसताना, ऐकू आले. ढग आला की बोलणे बंद पडे, म्हणून धंद्याच्या दृष्टीने ते फुकट गेले. बेल मात्र आपल्या सर्व शोधांत याच शोधाला पहिला मान देत असे.

१८८१ मध्ये त्याने आणखी एक पेटंट घेतले. तोवर टेलिफोनला एकच तार असे आणि परतीचा रस्ता जमिनीतून. शेजारून तारखात्याची तार गेली असली की तिची टकटक टेलिफोनमध्ये शिरे, आणि एका घरचे बोलणे दुसऱ्या घरी ऐकू जाई. बेलने सुचवले की दोन तारा घ्या आणि त्यांना एकमेकींभोवती पीळ द्या. पिळामुळे बाहेरच्या उपद्रवाच्या जवळ कधी ही तार येते, कधी ती. दोघींवर त्याचा परिणाम सारखाच होतो, आणि टेलिफोन दोघींतला फरक तेवढाच ऐकत असल्यामुळे तो उपद्रव वजा होऊन जातो. त्याच वर्षी गोळी लागलेल्या राष्ट्राध्यक्ष गारफील्डच्या शरीरातली गोळी शोधायला तो स्वतः बनवलेले यंत्र घेऊन गेला आणि अपयशी परतला. त्याच वर्षी त्याचा नवजात मुलगा श्वास घेता न आल्याने दगावला, आणि त्या दुःखात त्याने छातीभोवती बसवायचे श्वासयंत्र तयार केले. पण आपल्या रोजच्या जगण्यात त्या वर्षातला शिरला तो तारेचा पीळ.

आता स्वारगेटला येऊ. २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँडचे धोरण जाहीर केले, सेकंदाला २५६ किलोबिट ही किमान गती ठरवली, आणि पुढच्या वर्षापासून टेलिफोनच्या जुन्याच तांब्याच्या तारांवरून ही सेवा घरोघरी जाऊ लागली. आमच्याकडे आलेल्या लाइनमनने पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक मोडेम आणि एक काडेपेटीएवढी पांढरी डबी, जिला स्प्लिटर म्हणतात. डबीला तीन भोके: एकात बाहेरून येणारी लाइन, दुसऱ्यात टेलिफोन, तिसऱ्यात मोडेम. मोडेमवरचा लाइनचा दिवा लुकलुकत राहिला, स्थिर होईना. लाइनमनने घरभर नजर फिरवली. आमच्या आधीच्या घरमालकाने मागच्या खोलीत दुसरा फोन घेण्यासाठी एक चपटी, बिनपिळाची वायर पंख्याच्या वायरीला लागून ओढली होती. डबीच्या अलीकडूनच ती फुटली होती. त्याने ती कापून टाकली, खिडकीबाहेरचा हिरवा पडलेला सांधा सोलला, तांबे चकचकीत होईपर्यंत खरवडले, आणि दोन तारांना चिमटीत धरून पीळ दिला. दिवा स्थिर झाला. मग संगणकावर नाव आणि पासवर्ड भरले, आणि जग घरात आले. माझ्या मनात आले, हा पीळ १८८१ चा.

नव्याचे नवल ते पुढेच होते. माणसाचे बोलणे टेलिफोनच्या तारेचा अगदी तळचा भाग वापरते, साधारण सेकंदाला ३०० ते ३४०० कंपनांचा. त्याच्या वर तांब्याची तार लाखो कंपने नेऊ शकते आणि ती जागा शंभर वर्षे ओस पडली होती. ब्रॉडबँडने सुमारे ११ लाख कंपनांपर्यंतची ती जागा २५६ कप्प्यांत वाटली. एकेक कप्पा म्हणजे एकेक सूर. पांढरी डबी बोलणे फोनकडे वळवते आणि उरलेले सूर मोडेमकडे. दिवा लुकलुकतो तेव्हा मोडेम आणि एक्स्चेंजमधले यंत्र एकेक सूर लावून पाहत असतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ते प्रत्येक कप्प्याची पत तपासतात. स्वच्छ असेल त्याच्यावर जास्त माहितीचा बोजा, खरखर असेल त्याच्यावर कमी, अगदीच बुडीत असेल तर शून्य. एकाच खतावणीत शेकडो खाती असावीत आणि एकाचा पैसा दुसऱ्याच्या पानावर जाऊ नये, तशी ही व्यवस्था. पट्ट्यांच्या जागी गणित आले होते एवढेच. बाकी बॉस्टनच्या माळ्यावर सोडून दिलेले अनेक सुरांचे तारायंत्र ते हेच.

ते घडवले कुणी, हेही पाहण्यासारखे आहे. बेलच्या कंपनीतून वाढलेल्या महाकाय टेलिफोन साम्राज्याचे १९८४ मध्ये कायद्याने तुकडे झाले. त्या तुकड्यांनी मिळून बेलकोर ही संशोधनसंस्था काढली. तिथल्या जोसेफ लेक्लायडर या इंजिनियरने ओळखले की एका जाड केबलमधल्या शेकडो जोड्या एकमेकींत कुजबुजतात, तेव्हा दोन्ही दिशांना सारखा भार टाकला तर गोंधळ वाढेल. घराकडे येणारा रस्ता रुंद आणि घराकडून जाणारा अरुंद ठेवला तर जमेल. स्टॅनफर्डच्या जॉन सिओफीने अनेक सुरांची पद्धत व्यवहारात उतरवली. १९९० च्या दशकात हे सारे मार्गी लागले.

अरुंद रस्त्याची ही युक्ती बहुतेकांना कधी जाणवलीच नाही. आमच्या ताईला ती जाणवली. पण त्यासाठी बेलकडे पुन्हा एकदा वळावे लागेल.

बहिऱ्यांनी बोलायला आणि ओठ वाचायला शिकावे, समाजात मिसळून जावे, ही बेलची श्रद्धा होती. श्रद्धेपुरते ते ठीक. पण त्यासाठी खुणांची भाषा शाळेतून हद्दपार व्हावी, असे तो म्हणू लागला. १८८३ मध्ये त्याने विद्वानांच्या सभेत एक प्रबंध वाचला. बहिऱ्यांची वेगळी शाळा, वेगळी भाषा आणि आपसांतली लग्ने यांतून मनुष्यजातीचा एक बहिरा वंश तयार होईल, अशी भीती त्यात होती. १८८० च्या मिलान येथील शिक्षक परिषदेने खुणांविरुद्ध ठराव केलाच होता. बेलच्या नावाचे वजन त्या बाजूला पडले. हेलन केलरला योग्य शाळेची वाट दाखवणारा, आणि तिने आपले आत्मचरित्र ज्याला अर्पण केले तो कनवाळू माणूस हाच. आईच्या शेजारी बसून बोटांनी बोलणारा मुलगाही हाच. माणसाच्या प्रेमातून दुसऱ्याचे हात कसे बांधले जातात, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला कादंबरीतही रचता आले नसते.

मिलानचा वारा सर्वदूर गेला. ताई ज्या शाळेत शिकली तिथे खुणा केल्या की हात मागे बांधून उभे राहावे लागे. ओठांवरून शब्द ओळखायला ती शिकली आणि त्याचा तिला उपयोगही झाला. पण ती मनातले बोलायची मधल्या सुट्टीत, जिन्याखाली, एका मैत्रिणीशी, हातांनी. मैत्रीण लग्न होऊन नागपूरला गेली. पुढे आमच्याकडे टेलिफोन आला. घरातल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी त्यातून बोलू लागला. ताई त्याच्यावर विणलेला रुमाल घाली आणि दर महिन्याला एक अंतर्देशीय पत्र लिही.

२००६ च्या दिवाळीत आम्ही संगणकावर कॅमेरा बसवला. नागपूरला मैत्रिणीच्या मुलाने बसवला. पडद्यावर दोघी एकमेकींना दिसल्या आणि ताईचे हात उठले. तिकडून काहीच कळेना. घरातून जाणारा रस्ता अरुंद. भरभर हलणारे बोट त्यात मावत नव्हते, पलीकडे नुसता धुरकट पट्टा दिसे. ज्यांना चेहरा पाहून आवाज ऐकायचा त्यांचे भागत होते. ज्यांचे शब्दच हातांत, त्यांचे भागत नव्हते. दोघींनी मग आपली रीत काढली. गडद रंगाची साडी, मागे कोरी भिंत, हात छातीसमोर, आणि प्रत्येक खूण सावकाश, ठेवणीतली. बोलून बोलून दोघींचे खांदे दुखत. फोनच्या त्याच तारेवरून, ज्या तारेत ताईसाठी सतरा वर्षे काहीच नव्हते, बेलने नाकारलेली भाषा बेलच्याच पिळातून नागपूरला जाऊ लागली.

बेलची अखेरची वर्षे नोव्हा स्कोशियातल्या बॅडेक गावी गेली. तिथे त्याने प्रचंड पतंग उडवले, मेबलच्या पैशावर विमाने बांधवली, पाण्यावरून पळणारी वेगवान नाव केली. १९१५ मध्ये न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टेलिफोन जोडला गेला तेव्हा एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला वॉटसन होता. २ ऑगस्ट १९२२ रोजी तो वारला. मेबल त्याचा हात हाती घेऊन बसली होती. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले सारे टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले. मेबलला त्या शांततेत वेगळे काही जाणवले नसेल. पाच महिन्यांनी तीही गेली.

२०१० मध्ये व्हँकुव्हरला भरलेल्या परिषदेने मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त केला. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची संशोधन संस्था उभी राहिली. मिलानपासून हिशेब केला तर एका ठरावाची दुरुस्ती व्हायला १३० वर्षे लागली. तारेच्या कोड्यालाही जवळजवळ तेवढीच.

आमच्या इमारतीतली तांब्याची तार २०२१ मध्ये गेली. तिच्या जागी काचेचा धागा आला, ज्यातून प्रकाश बोलतो. वॉशिंग्टनच्या गच्चीवरचा बेलचा लाडका शोध असा वळसा घेऊन घरात शिरला, आणि इथे ढगांचे भय नाही. जाण्याचा रस्ता आता येण्याच्या रस्त्याइतकाच रुंद आहे. ताईने गडद साडीचा नेम सोडला आहे. रोज दुपारी जेवणे झाली की ती नागपूरशी बोलायला बसते, आणि आता इतकी भरभर बोलते की मला त्यातले निम्मे कळत नाही.